लाकडी जमिनीला बादली दाखवू नका

न्यू जर्सीतल्या आमच्या पहिल्या घरात सगळीकडे ओकची जमीन होती. मधाळ रंग, खिडकीतून ऊन आलं की लखलखायची. आणि मी शहाबादी फरशीवर वाढलेली. दर शनिवारी बादलीभर गरम पाणी, त्यात इंडियन स्टोअरमधून आणलेलं फिनेल, आणि गुडघ्यावर बसून फडक्याने कोपरा न् कोपरा. फडकं पिळत होते, नाही असं नाही. पण आपलं पिळणं म्हणजे पाणी निथळायचं थांबलं की झालं. वर्षभरात स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या पट्ट्यांच्या कडा वर आल्या. अनवाणी चालताना पन्हळी पत्र्यावरून चालल्यासारखं वाटायचं. जमीन दाखवायला ज्याला बोलावलं, त्याने वाकूनही पाहिलं नाही. "बादलीने पुसता का?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून अमेरिकेत किंवा कॅनडात नवं घर घेतलेलं आपलं कुणी भेटलं की मी आधी जमिनीची चौकशी करते. खालचं सगळं त्यांना सांगते तेच, त्याच क्रमाने.

आधी जमीन ओळखा

"लाकडी जमीन" या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी खपतात. अख्ख्या लाकडाची पट्टी (सॉलिड हार्डवुड) साधारण पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर जाड असते. इंजिनिअर्ड लाकडात वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवुड. लॅमिनेटमध्ये लाकडाचा छापील फोटो चिकटवलेला असतो, आणि व्हिनाइल तर सरळ प्लॅस्टिक. घर विकणारा कधीकधी या सगळ्यांना "हार्डवुड" म्हणून मोकळा होतो.

ओळखायची सोपी युक्ती: जमिनीत गरम हवेची लोखंडी जाळी असेल तर ती उचला. भोकाच्या कडेला पट्टीचा छेद दिसतो. वरपासून खालपर्यंत एकच लाकूड आणि एकच रेषा असेल तर सॉलिड. थरांवर थर दिसले तर इंजिनिअर्ड. भुशाच्या दाबलेल्या पाटीसारखं दिसलं तर लॅमिनेट. जाळी नसेल तर पट्ट्यांवरची नक्षी निरखा. तीच गाठ, तीच रेष चार फुटांवर पुन्हा दिसली तर तो फोटो आहे. झाड स्वतःची नक्कल करत नाही.

हे कळणं का महत्त्वाचं? सॉलिड पट्टी आयुष्यात अनेकदा घासून नवी करता येते. इंजिनिअर्ड, वरच्या थराच्या जाडीप्रमाणे, एकदा-दोनदा किंवा अजिबात नाही. लॅमिनेट कधीच नाही.

लाकूड कोणतं, हेही विचारून ठेवा. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक पद्धत आहे, जांका चाचणी: ०.४४४ इंच व्यासाची पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती पौंड जोर लागतो ते पाहायचं. अमेरिकेत सगळ्यात जास्त दिसणारा रेड ओक १२९० वर, व्हाइट ओक १३६० वर, मेपल १४५०, हिकरी तब्बल १८२०. अक्रोड दिसायला राजस, पण १०१० वरच. आपला साग हजाराच्या आसपास, म्हणजे ओकपेक्षा मऊ. मला हे कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. सागाचा दरारा त्याच्या कठीणपणातून येत नाही, त्याच्या अंगच्या तेलातून येतो. पाणी आणि वाळवी त्याला सहज बाधत नाही. ओकला ते कवच नाही.

मग वरचा लेप ओळखा

तुम्ही रोज पुसता ते लाकूड नसतंच, त्यावरचा लेप असतो. हल्लीच्या बहुतेक घरांत तो पॉलियुरेथेनचा, म्हणजे लाकडावर बसलेल्या पारदर्शक कातडीसारखा. जुन्या घरांत मात्र मेण, शेलॅक (लाखेचा लेप) किंवा वार्निश असू शकतं. काही नव्या घरांत लाकडात मुरणारं तेल असतं, त्याची देखभाल वेगळी आणि ती बनवणाऱ्याच्या सूचनेबरहुकूमच करावी.

परीक्षा अशी घ्या. सोफ्यामागच्या कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखे तसेच राहिले तर लेप शाबूत आहे. लाकूड काळसर झालं तर लेप झिजलाय, पाणी आत जातंय. थेंबाखाली पांढुरका डाग उमटला तर बहुधा मेण आहे. खात्री करायची तर अगदी बारीक स्टील वूल त्या कोपऱ्यात हलकेच फिरवा; करडा चिकट थर निघाला की मेणच.

मेणाच्या जमिनीला पाणी अजिबात नको, कोरडं झाडायचं आणि अधूनमधून मेण लावून घोटायचं. आणि उलट, पॉलियुरेथेनवर मेण किंवा "चमक आणणारं" कुठलंही तेल लावायचं नाही. दोन दिवस झळाळी येते, मग त्यावर धूळ बसते, पाय घसरतो, आणि पुढे कधी नवा लेप द्यायची वेळ आली की तो चिकटतच नाही. खोबरेल तेलाचा प्रयोग आमच्या ओळखीत दोन घरांत झालेला आहे. तिसरं घर तुमचं नको.

पाण्याचं एवढं काय?

कोकणातल्या घराचं दार पावसाळ्यात अडतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जमिनीतही तेच चालतं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. ती हवेतला ओलावा पिते आणि सोडते, आणि फुगते ती मुख्यतः रुंदीत. लांबी जवळजवळ तेवढीच राहते. दार फुगलं तर अडतं, पण जमिनीच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत घट्ट बसवलेल्या असतात. फुगून जायचं कुठे?

फटीतून उतरलेलं पाणी पट्टीच्या खालच्या बाजूला साठतं. वरची बाजू वाळते, खालची ओली राहते. खालची फुगली की पट्टी पन्हाळीसारखी वळते: कडा वर, मध्य खोल. माझ्याकडे झालं ते हेच. यावर लगेच घासायचं मशीन फिरवणं ही दुसरी घोडचूक. वर आलेल्या कडा छाटल्या जातात, मग जमीन यथावकाश वाळून सपाट व्हायला बघते आणि कडा खाली जाऊन मध्य फुगीर होतो. आधी पाणी बंद, मग वाट. काही आठवडे, कधी काही महिने. आमच्या बऱ्याचशा पट्ट्या पाच महिन्यांत आपणहून बसल्या. तीन बदलाव्या लागल्या.

आई आली होती तेव्हा तिला हे पटवायला मला दोन दिवस लागले. न धुतलेली जमीन म्हणजे पारोशी जमीन, हे तिचं मत. शेवटी मी म्हटलं, "आई, तू लहानपणी जमीन सारवायचीस ना? सारवलेल्या जमिनीवर बादली ओतायचीस का?" तेव्हा कुठे तिने फडकं खाली ठेवलं.

रोजचं काम: केर

पाण्याच्या खालोखाल शत्रू वाळू. बुटाच्या तळाला चिकटून आलेला एक खडा पायाखाली फिरला की काचपेपरचं काम करतो. जमीन "जुनाट दिसायला लागली" म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा लाकडाला काही झालेलं नसतं, हजारो बारीक ओरखड्यांनी लेप अंधुक झालेला असतो. इथे आपल्याकडे एक जन्मजात फायदा आहे: चपला दाराबाहेर. तो सोडू नका. पाहुण्यांनाही संकोच न करता सांगा. दाराबाहेर एक खरखरीत पायपुसणं, आत एक मऊ. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर येतं आणि वाळल्यावर पांढरा थर धरतं. त्यासाठी दाराशी कडा असलेला रबरी ट्रे ठेवा आणि बर्फाचे बूट त्यातच उतरवा.

रोज किंवा दिवसाआड मायक्रोफायबरच्या सपाट कोरड्या मॉपने केर ओढून घ्या. मऊ केसांचा झाडूही चालतो. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम, पण त्याचा फिरता ब्रश बंद करून. तो गालिच्यासाठी असतो, लाकडावर आपटत राहतो. यंत्राची चाकंही एकदा उलटी करून बघा, त्यात खडे अडकतात.

आता रांगोळी. ती शिरगोळ्याची, म्हणजे दगडाचीच पूड. लाकडावर थेट काढली आणि पायाने विस्कटली की जमिनीवर ठसा राहतो तो पाडव्यापर्यंत नव्हे, कायमचा. आम्ही मोठी स्टीलची परात किंवा काळा कार्डबोर्ड घेतो, त्यावर काढतो आणि अख्खी उचलतो. सांडलीच तर फडक्याने पुसू नका, व्हॅक्यूमने ओढा. लक्ष्मीची पावलं मी आता स्टिकरची लावते. आईच्या मते हा अधर्म आहे. स्टिकरही चार दिवसांत काढा, गोंद फार मुरू देऊ नका.

पुसायचं कसं

महिन्यातून दोनदा पुरतं. स्वयंपाकघरात आठवड्याला.

पहिल्यांदा केर पूर्ण काढा, नाहीतर ओल्या मॉपखाली तीच वाळू घासली जाते. लाकडी जमिनीसाठीचं, न्यूट्रल पीएचचं, म्हणजे ना आम्ल ना अल्कधर्मी, असं क्लीनर घ्या. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. फवारा जमिनीवर नाही, मॉपच्या कापडावर मारा. कापड हाताला दमट लागलं पाहिजे, ओलं नाही. दाबून पिळल्यावर एक थेंबही पडता कामा नये. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, खोलीच्या आतल्या टोकापासून दाराकडे मागे सरकत पुसत या. पुसलेला पट्टा एक-दोन मिनिटांत वाळला पाहिजे. त्याहून वेळ लागला तर तुमचं कापड फार ओलं आहे, पिळून घ्या. कापड मळलं की उलटा, मग बदला. मळक्या कापडाने पुसलं की जमिनीवर ढगाळ पट्टे राहतात आणि लोक क्लीनरला दोष देतात.

काय वापरायचं नाही, ते पाठच करा. फिनेल नाही. व्हिनेगर नाही: "नैसर्गिक" म्हणून त्याची फार शिफारस होते, पण ते आम्ल आहे, लेपाची चमक हळूहळू खातं. अमोनिया नाही, ब्लीच नाही, घासायची पावडर नाही. आणि वाफेचा मॉप तर मुळीच नाही. जाहिरातीत तो लाकडावर फिरताना दाखवतात खरा. पण गरम वाफ म्हणजे फटीत शिरायला सगळ्यात चपळ असं पाणी.

आपल्या घरातले डाग

इथल्या मार्गदर्शिकांमध्ये वाइनच्या डागावर पानंच्या पानं असतात. आपल्या घरात वाइनपेक्षा फोडणी जास्त सांडते.

तेल सांडलं तर आधी टिपा, पुसू नका. मग कापडावर क्लीनर घेऊन दोनदा. लेप शाबूत असेल तर काही राहत नाही. समईखाली नेहमी ताम्हन किंवा रुंद ताटली हवी, कारण तेल तळाशी ओघळून रात्रभर बसतं आणि ते सकाळीच दिसतं. पणत्या तर थेट जमिनीवर नकोतच. मातीची पणती तेल पाझरवते आणि तळाने तापते.

हळद लगेच पुसली की लेपावरून निघते. साबणाचं पाणी लावलं की ती लाल होते, घाबरू नका. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यातलीच ही गंमत, साबणही अल्कधर्मी असतो. पिवळी छटा उरली तर उन्हाची तिरीप येऊ द्या. उजेडाने हळदीचा रंग उडतो. कुंकू मात्र बाजारचं असेल तर त्यात काय रंग असेल सांगता येत नाही, म्हणून हळदीकुंकवाला मी चौरंगाखाली जाजम घालते.

तुळशीची कुंडी ही सगळ्यात गुपचूप नासाडी करणारी वस्तू. कडाक्याच्या थंडीत ती आत येते, खिडकीशी बसते, खाली बशी असतेच. पण मातीची बशी पाझरते, आणि एप्रिलमध्ये कुंडी उचलली की खाली काळं वर्तुळ. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, आणि पाणी व लोखंड त्याला भेटलं की काळाकुट्ट रंग तयार होतो. आवळा लोखंडी कढईत उकळला की काळा पडतो, अगदी तेच. वरचा पांढुरका डाग लेपातला ओलावा असतो आणि बरेचदा वाळून जातो. काळा डाग लाकडात उतरलेला असतो. तो पुसून जात नाही. त्याला लेप काढून ऑक्झॅलिक आम्ल लावावं लागतं, आणि ते विषारी असल्याने जाणकाराचं काम आहे. कुंडी चाकांच्या स्टँडवर ठेवा, जमिनीपासून वर, म्हणजे खाली हात घालून ओल तपासता येते.

सत्यनारायणाला पंचामृत, तीर्थ, केळीचे खांब, सगळं येतं. पाटाखाली आधी प्लॅस्टिक आणि त्यावर चादर घाला, पण पूजा उठली की त्याच दिवशी काढा. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. नारळ अंगणात फोडा. इथे तर पार्किंगलॉटमध्ये फोडलेलेही मी पाहिलेत.

मेणबत्तीचं मेण किंवा च्युइंगम चिकटलं तर पिशवीत बर्फ घालून त्यावर ठेवा, कडक झालं की जुन्या प्लॅस्टिक कार्डाने अलगद उडवा.

ओरखडे आणि फर्निचर

खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा, आणि वर्षातून दोनदा उलटून बघा. त्यात खडे रुतले की चकतीच कानस होते. गालिच्याखालचा पॅड फेल्टचा घ्या. स्वस्त रबराचे आणि पीव्हीसीचे पॅड लेपावर कायमचा डाग सोडू शकतात. गालिचे दर काही महिन्यांनी सरकवत राहा, कारण उन्हाने लाकडाचा रंग बदलतो, चेरी तर पहिल्याच वर्षात गडद होते. नाहीतर गालिचा उचलला की खाली मनगटावरच्या घड्याळासारखा फिका चौकोन.

ओरखडा पडलाच तर नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर तो लेपापुरता आहे. अक्रोडाचा गर त्यावर चोळला तर तात्पुरता दबतो. नख अडकलं तर लाकडाच्या रंगाची मेणाची कांडी किंवा टच-अप पेन. जिथे दहा ओरखडे आहेत तिथे अकराव्याच्या मागे लागू नका.

पट्टी करकरत असेल तर फटीत थोडी टाल्कम पावडर टाकून वर पाय दाबत राहा. बरेचदा आवाज थांबतो.

ऋतू

घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के राहिली की लाकूड खूश असतं. दहा-पंधरा डॉलरचा, आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर भिंतीला लावा. हिवाळ्यात हीटिंगने हवा वाळते, पट्ट्या आक्रसतात आणि मध्ये फटी दिसतात. जानेवारीत त्या फटी लांबीने (पुट्टीने) भरायला जाऊ नका. जुलैत पट्ट्या फुगतील आणि लांबी बाहेर ढकलतील. हिवाळ्यात ह्युमिडिफायर, दमट उन्हाळ्यात एसी किंवा डिह्युमिडिफायर, इतकंच. फ्रिजमागची बर्फाच्या मशीनची नळी आणि डिशवॉशरचा तळ महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघा. पाणी कधी पसरलंच तर आधी टिपा, मग पंखा आणि डिह्युमिडिफायर लावून ठेवा.

नवा लेप, आणि घासून नवी करणं

ही दोन वेगळी कामं आहेत आणि कंत्राटदार कधीकधी महागडं तेवढंच सुचवतो. लेप अंधुक झालाय पण थेंबाची परीक्षा पास होतेय, तर जुना लेप फक्त खरवडून वर नवा थर देता येतो. एका दिवसाचं काम, धूळ कमी. वापराप्रमाणे तीन ते पाच वर्षांनी हे केलं तर मोठं काम फार पुढे ढकललं जातं. पूर्ण सँडिंग म्हणजे लाकूडच छिलणं. काळे डाग, खोल खड्डे, उघडं पडलेलं लाकूड असेल तेव्हाच.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर सँडिंगआधी जुन्या लेपात आणि रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या. त्या वर्षी अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली. घरात लहान मूल असेल तर यात चालढकल नको.

लेप दोन प्रकारचे. तेलाचा पॉलियुरेथेन मधाळ रंग देतो आणि काळाबरोबर पिवळा होत जातो, वासही दोन-तीन दिवस डोकं उठवतो. पाण्याचा पारदर्शक राहतो आणि लवकर वाळतो. मी दुसऱ्या वेळी पाण्याचा घेतला. रंग थोडा थंड वाटतो, पण मुलाच्या दम्यापुढे रंगाचं काय.

स्वतः करणार असाल तर एक धोका ध्यानात ठेवा. जवसाच्या किंवा तशा वाळणाऱ्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

लेप हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नव्हे. मोजे घालून दुसऱ्या दिवशी चालता येतं. फर्निचर दोन-तीन दिवसांनी, उचलून आणा, ओढत नाही. गालिचे मात्र पाण्याच्या लेपावर दोन आठवडे आणि तेलाच्या लेपावर महिनाभर गुंडाळूनच ठेवा.